इकोलायचं औषध विचारायला गेले होते, लॅबने गंबोरो शोधून दिला

नमस्कार. मी सिन्नर तालुक्यातली, आमचं साडेचार हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे, सहा वर्षं झाली. कंपनीचं नाही, ओपन फार्मिंग, म्हणजे पिल्लं आमची, खाद्य आमचं आणि नुकसान झालं तर तेही आमचंच. नाशिकच्या या पोल्ट्री लॅबबद्दल आधीच लिहायचं होतं पण म्हटलं एकदा गुण आला म्हणून लगेच स्टार द्यायचे असं नको, दोन बॅच जाऊ देत मग लिहू. आता त्यांच्या सल्ल्याने तिसरी बॅच चालू आहे म्हणून सविस्तर लिहितेय. मोठं होणार आहे पण ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण जी चूक आम्ही सलग तीन बॅच केली तीच आजूबाजूच्या कितीतरी शेडवर चालू असलेली मला आता दिसते.

आमचा त्रास काय होता ते आधी सांगते. पिल्लं चांगली यायची, पहिले तीन आठवडे वजन चार्टप्रमाणे, आणि पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी मर सुरू. आधी दहा, मग वीस, मग तीस, जूनच्या बॅचला एका दिवसात ५८ पक्षी उचलले मी, सकाळी सहाला शेडमध्ये जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. पक्षी पिसं फुलवून, मान आत घेऊन, डोळे मिटून भिंतीला बसायचे. मेलेला पक्षी फाडला की हृदयावर आणि लिव्हरवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा-पिवळा थर. तालुक्याच्या एका औषध दुकानात फोटो दाखवला की उत्तर ठरलेलं, इकोलाय (एक जंतू) आहे, हे पाच दिवस पाण्यातून द्या. दिलं की तीन दिवस मर कमी यायची, आम्हाला वाटायचं सुटलो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत तेच. मग दुसरं अँटिबायोटिक, मग त्याहून भारी तिसरं, बरोबर लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिन, असं करत एका बॅचला फक्त औषधाचं बिल ३१ हजार झालं. वजनं राहिली मागे, ऑगस्टमध्ये श्रावणामुळे आधीच भाव पडलेला आणि त्यात आमचे पक्षी हलके, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं.

दुकानदार खोटं बोलत नव्हता हे आधी स्पष्ट करते. इकोलाय होताच. पण तो का होतोय हे कोणीच विचारत नव्हतं, आम्ही पण नाही.

ऑगस्टच्याच बॅचला एकोणतिसाव्या दिवशी माझी धाकटी जाऊ म्हणाली की वहिनी आपण नाशिकला त्या लॅबला एकदा नेऊन बघू, तिच्या माहेरी लेअरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) फार्म आहे आणि ते दर महिन्याला रक्त तपासायला देतात. आमच्या आबांचा (सासऱ्यांचा) विरोध होता. त्यांचं म्हणणं लॅबला पक्षी नेला की सरकार येतं आणि शेड बंद करतं. त्यांच्या डोक्यात २००६ चं नवापूर बसलंय, तेव्हा बर्ड फ्लूत तिकडे कशा कोंबड्या पुरल्या ते टीव्हीवर सगळ्यांनीच बघितलेलं आणि त्या वर्षी चिकन कोणी फुकट घेईना, म्हणून त्यांची भीती मला समजते. ही भीती खूप जणांना आहे म्हणून लिहिते, इकोलाय किंवा गंबोरोसाठी (हा कोंबड्यांचा व्हायरसचा आजार) कोणी येऊन शेड बंद करत नाही. आणि एका रात्रीत अचानक ढिगाने पक्षी मेले तर ते सरकारी दवाखान्यात कळवायलाच हवं, त्यात आपलाच जीव सांभाळायचा असतो, हे लॅबच्या डॉक्टर मॅडमनी आबांना फोनवर स्वतः समजावून सांगितलं.

तर आम्ही पाच पक्षी घेऊन गेलो, तीन आजारी पण जिवंत आणि दोन पहाटे मेलेले, बर्फाच्या खोक्यात घालून. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, पहिल्यांदा बघून मला वाटलं शिकाऊ असतील. मी सरळ म्हटलं मॅडम इकोलाय आहे, कोणतं औषध लागू पडेल तेवढं सांगा. त्यांनी पक्ष्यांकडे न बघता आधी विचारलं, "ताई, बॅचची वही आणलीये का?"

वही माझ्या पिशवीत होती, मी रोजची मर आणि किती गोणी खाद्य गेलं ते लिहिते. त्यांनी बोट फिरवत फिरवत विसाव्या दिवसावर आणलं. "इथे काय झालं होतं?" मी बघितलं तर एकोणिसाव्या दिवशी साडेआठ गोणी, विसाव्याला सात, एकविसाव्याला सात, बाविसाव्याला सव्वासात आणि मग परत नऊ. मर त्या तीन दिवसात रोजची सात-आठ. मला आठवलं, त्या दिवसांत पक्षी सुस्त होते, चुन्यासारखी पांढरी पातळ शिट, काही पक्षी स्वतःच्याच शेपटीखाली टोचत होते. मी म्हटलं मॅडम ते ऊन-पाऊस चाललं होतं ना, त्याने झालं असेल, आणि तीन दिवसांत आपोआप बरे पण झाले. त्या म्हणाल्या, "बरे झाले असं दिसलं ताई, पण बरे नाही झाले. आता बघू."

पुढचं मी टेबलाच्या दीड हातावर उभी राहून बघितलं. पक्षी उताणा घेतला, कातडी सोडवली, छातीचं हाड उचललं. हृदयावर लिव्हरवर तोच थर, तो मी शंभर वेळा बघितलाय. एरवी आम्ही इथेच थांबायचो, पक्षी खड्ड्यात टाकून औषधाला पळायचो. मॅडम थांबल्या नाहीत. आतडं पूर्ण शेवटापर्यंत सोडवत नेलं आणि शेपटीकडे, शिटेच्या जागेच्या अगदी वर, पाठीच्या बाजूला एक बारीकसा कठीण गोळा चिमट्यात धरून वर काढला. हरभऱ्याएवढा, करडा पडलेला. मग शेल्फवरची बरणी खाली घेतली, त्यात त्याच वयाच्या निरोगी ब्रॉयलरचा तोच अवयव ठेवलेला, तो चांगला मोठ्या बोराएवढा गुबगुबीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. पाचही पक्ष्यांचे काढले, पाचही हरभऱ्याएवढे. सहा वर्षांत मी किती पक्षी फाडले असतील पण हा अवयव असतो हेच मला माहीत नव्हतं.

याला बर्सा म्हणतात. इटलीतल्या फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, पण तो कशासाठी असतो हे पुढची तीनशेच्या वर वर्षं कोणाला माहीत नव्हतं. मॅडमनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली म्हणून इथे लिहिते. अमेरिकेत ओहायोला ब्रूस ग्लिक नावाचा संशोधक होता, तो पिल्लांचा बर्सा काढून बघत होता की काय फरक पडतो, काही विशेष दिसेना. त्याच्या सोबतच्या एकाला वर्गात दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, साल्मोनेला जंतू टोचल्यावर रक्तात अँटिबॉडी कशा तयार होतात ते दाखवायचं होतं, त्याने ग्लिकच्या उरलेल्या कोंबड्या नेल्या आणि त्यातल्या बर्सा काढलेल्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत. तेव्हा कळलं की कोंबडीचं जंतूशी लढायचं सामान इथे बनतं. १९५६ साली ते छापून आलं. माणसाच्या रक्ततपासणीत बी सेल म्हणतात ना, त्यातला बी हा या कोंबडीच्या बर्साचा बी आहे.

आणि गंबोरोचा व्हायरस नेमका याच बर्सावर जाऊन बसतो. लागण झाली की दोन-तीन दिवसांत तो सुजतो, दुप्पट होतो, वर पिवळट बुळबुळीत पडदा येतो, आणि मग आकसायला लागतो, आठवडाभरात मूळच्या एक तृतीयांशावर येतो. पिल्लू तीन ते सहा आठवड्यांचं असेल तर आजार वरून दिसतो, मर होते. तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही आणि आतलं नुकसान मात्र जास्त होतं, त्या पिल्लाची प्रतिकारशक्ती पुढे नीट उभीच राहत नाही. आमचं त्या सीमेवर झालं, विसाव्या दिवशी, म्हणून थोडं दिसलं आणि मी उन्हावर ढकललं.

आता इकोलाय मध्ये कुठे येतो. तो कुठून यायची गरजच नाही, तो आधीपासून आहेच. कोंबडीच्या आतड्यात आहे, शेडमध्ये अंथरलेल्या तुसात आहे, पाण्याच्या लाइनमधल्या बुळबुळीत आहे, शेडच्या एक ग्रॅम धुळीत दहा लाखापर्यंत असू शकतो असं मॅडम म्हणाल्या. धडधाकट पक्षी रोज तो नाकातोंडातून घेतो आणि पचवतो. बर्सा गेलेला पक्षी नाही पचवू शकत. म्हणजे आम्ही ज्याच्यामागे बंदूक घेऊन धावत होतो तो चोर नंतर आलेला, दार आधीच कोणीतरी फोडून ठेवलेलं होतं. अँटिबायोटिक दिलं की जंतू मरायचे, मर थांबायची, औषध संपलं की धुळीतून नवे जंतू आत, आणि पक्ष्याकडे स्वतःचं काहीच नाही. व्हायरसवर तर अँटिबायोटिक चालतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन बॅच आम्ही हेच केलं आणि पैसे मोजून केलं.

अजून एक गोष्ट तेव्हा कळली, ती मला सगळ्यात जास्त लागली. बर्सा असा गेला की आपण दिलेल्या बाकीच्या लसी पण नीट घेत नाहीत. आम्ही बिचारे मानमोडीची (राणीखेतची) लासोटा लस वेळेवर देतोय आणि पक्ष्याच्या अंगात ती रुजतच नाही. मागे एका बॅचला लस देऊनसुद्धा माना वाकड्या झालेले पक्षी निघाले होते, तेव्हा आम्ही लस खराब म्हणून विकणाऱ्याशी भांडलो होतो. आता वाटतं कदाचित दोष लसीचा नसेलही.

मॅडमनी मांडीचं हाड पण उभं चिरून बघितलं, आतला मगज लालसर आहे का ते. तो फिकट पिवळा असता तर चिकन अनिमियाचा व्हायरस म्हणून संशय, तोसुद्धा असाच प्रतिकारशक्ती खातो आणि मग कातडी सडायचा आजार मागून येतो. आमच्या पक्ष्यांचा मगज लाल होता, तेवढं तरी बरं.

रिपोर्टचं सांगते. लिव्हरचा नमुना प्लेटवर लावला, दुसऱ्या दिवशी गुलाबी ठिपके उगवले, फोटो व्हॉट्सअॅपवर आला, इकोलाय पक्का. त्याच्या पुढच्या दिवशी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे प्लेटवर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि कोणत्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत ते बघतात. आम्ही एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक सलग तीन बॅच वापरलेलं, त्या चकतीला चिकटून जंतू उगवलेले. चकतीच्या कडेपर्यंत! मी तो फोटो अजून ठेवलाय. दुसरं आम्ही दिलेलं औषध पण फेल. चाललं ते एक जुनं स्वस्त औषध, ते पाच दिवस दिलं, आणि विकायच्या आधी किती दिवस बंद ठेवायचं ते चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून दिलं, हे मला कोणत्याच दुकानाने कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या शेडवर कोणी कोलिस्टिन सुचवलं होतं तेही मी विचारलं, तर ते कोंबड्यांना द्यायला २०१९ पासून देशात बंदी आहे, माणसाच्या शेवटच्या उपायाचं औषध आहे ते, त्याला हात लावू नका म्हणाल्या. बर्साचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पुढे पाठवला होता, आठ दिवसांनी त्याचाही रिपोर्ट आला, गंबोरोच.

ती बॅच वाचली असं मी म्हणणार नाही. गेलेला बर्सा परत येत नाही. मर आटोक्यात आली, उरलेले पक्षी छत्तिसाव्या दिवशी हलक्या वजनावर काढले. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या बॅचवर जास्त खर्च करू नका, पैसे पुढच्या बॅचच्या तयारीला ठेवा. औषध विकून वर कमिशन कमावणाऱ्याने हे कधीच सांगितलं नसतं.

खरं काम यानंतर झालं. मॅडम स्वतः शेडवर आल्या, व्हिजिटचे पैसे वेगळे घेतात, पण दोन तास होत्या. गंबोरोचा व्हायरस फार चिवट, रिकाम्या शेडमध्ये चार-चार महिने टिकतो, आणि आम्ही बॅच गेली की तूस ओढून शेडच्या मागेच ढीग घालायचो आणि आठ-नऊ दिवसांत नवीन पिल्लं आत. तुसात जे काळे किडे असतात ना, भिंतीच्या भेगेत जाऊन बसतात ते, त्यांच्यातून पण हा व्हायरस पुढच्या बॅचला जातो. मग ढीग शेतावर लांब हलवला, शेड साबणाच्या पाण्याने घासून धुतलं, वाळल्यावर फ्लेमगनने जमीन आणि भिंतीच्या भेगा भाजल्या, औषधाची फवारणी, चुना, आणि २१ दिवस शेड रिकामं. २१ दिवस रिकामं शेड बघायला जीव होत नाही, हप्ते चालू असतात, मिस्टर रोज विचारायचे कधी भरायचं. पण ऐकलं.

लसीत आमची चूक निघाली ती तर मी कोणालाही सांगायला तयार आहे, म्हणजे दुसऱ्याची टळेल. आम्ही गंबोरोची लस चौदाव्या दिवशी पाण्यातून द्यायचो, आणि टाकीत ब्लीचिंग पावडर कायम. लसीतला व्हायरस जिवंत असतो, क्लोरीनच्या पाण्यात पडला की संपला. म्हणजे आम्ही लस विकत घ्यायचो, बर्फातून आणायचो आणि टाकीत मारून पक्ष्यांना पाजायचो.

दुसरं म्हणजे दिवस. पिल्लाला आईकडून काही अँटिबॉडी आलेल्या असतात, त्या जास्त असताना लस दिली तर त्याच लसीला मारतात, आणि त्या संपायची वाट बघत बसलो तर शेडमधला व्हायरस आधी गाठतो. तो मधला दिवस शोधायचा. लॅबने नवीन पिल्लांपैकी २० पिल्लांचं रक्त तिसऱ्या दिवशी घेतलं, एलायझा टेस्ट (रक्तातल्या अँटिबॉडी मोजायची) केली, हिशोब मांडून आमच्या बॅचला सतरावा दिवस सांगितला. हा आकडा कॉपी करू नका, प्रत्येक लॉटचा वेगळा येतो, पुढच्याच बॅचला आमचा पंधरावा आला. या टेस्टचे पैसे मला आधी डोळ्यावर आले होते, पण ३१ हजाराचं बिल आठवलं आणि गप्प दिले.

सतराव्या दिवशीची सकाळ लक्षात राहिली. दोन दिवस आधीपासून ब्लीचिंग बंद, टाकी साध्या पाण्याने धुतलेली, दीड तास पाणी तोडून पक्षी तहानलेले ठेवले, ८० लिटर पाण्यात २०० ग्रॅम स्किम मिल्क पावडर, लस पाण्याखाली धरून उघडली, आणि निळ्या रंगाची गोळी. निपलच्या (पक्ष्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या) लाइनच्या शेवटच्या टोकाला निळं पाणी येईपर्यंत सोडून दिलं. दीड तासाने मॅडमनी आणि मी शेडच्या वेगवेगळ्या भागातून शंभर पक्षी धरले, चोच उघडायची, जीभ बघायची. पुढच्या भागात सगळ्या जिभा निळ्याशार. मागच्या पडद्याकडे दहातल्या चार-पाचच. एकूण ८३. मॅडमचं म्हणणं नव्वदच्या वर पाहिजे. मागची लाइन वाकलेली होती, तिकडे पाण्याला जोरच नव्हता, आणि हे मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं, कारण पक्षी पीत तर होते. मागच्या कोपऱ्यातल्या पक्ष्यांना तिथेच वेगळं भांडं लावून परत लस पाजली. आठवून बघितलं तर मर नेहमी मागच्या पडद्याकडूनच सुरू व्हायची.

त्या बॅचला शेवटपर्यंत मर चार टक्क्यांच्या आत राहिली, आधीच्याला बारा होती. हवा पण चांगली होती दिवाळीची, सगळं श्रेय लॅबला देत नाही, पण पंचविसावा दिवस आला आणि गेला आणि काही झालं नाही, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

हिवाळ्याच्या बॅचला मात्र परत इकोलाय आला आणि तेव्हा मला वाटलं सगळं मुसळ केरात. परत पक्षी घेऊन गेले. या वेळी बर्सा टुमटुमीत, चांगला होता, मी स्वतः ओळखला. मॅडमनी श्वासनळी उभी कापली तर आत लाल आणि चिकट, आणि पोटातल्या हवेच्या पिशव्या, ज्या निरोगी पक्ष्यात पातळ प्लॅस्टिकसारख्या आरपार दिसतात, त्या धुरकट झालेल्या आणि त्यात पनीरसारख्या पिवळ्या गाठी. म्हणजे रस्ता वेगळा. श्वासनळीच्या आत डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, ते सारखे हलत राहतात आणि धूळ, जंतू वर ढकलून बाहेर टाकतात. ब्रॉन्कायटिसचा व्हायरस, मानमोडीचा व्हायरस, हे त्या केसांवरच घाव घालतात. झाडूवालाच गेला की कचरा आत. धुळीतला इकोलाय सरळ हवेच्या पिशव्यांत उतरतो आणि तिथून हृदय-लिव्हरपर्यंत. श्वासनळीचे नमुने पुढे पाठवले होते, ब्रॉन्कायटिस आला.

आणि त्यात आमची भर होतीच. थंडी म्हणून रात्रभर पडदे घट्ट बंद, आत अमोनिया इतका की सकाळी डोळे चुरचुरायचे. आपल्या डोळ्यांना झोंबतोय म्हणजे तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आसपास किंवा वर गेला असं धरा, आणि तेवढा अमोनिया एकटाच ते केस जाळायला पुरेसा आहे, व्हायरस नसला तरी. लासोटा दिल्यावर पक्षी दोन-तीन दिवस शिंकतात ते पण याचंच सौम्य रूप, लसीचा व्हायरस पण थोडा त्रास देतोच, चांगल्या हवेत तो आपोआप निवळतो आणि कोंदट शेडमध्ये त्याचाच पुढे इकोलाय होतो. तेव्हापासून लसीच्या आठवड्यात मी पडदे वरून वीतभर उघडे ठेवते, कितीही थंडी असली तरी, ब्रूडरची ऊब वाढवते पण हवा बंद करत नाही. तूस दिवसाआड हलवतो. त्या बॅचला औषध एकदाच लागलं, आणि ते पण रिपोर्ट बघून.

आता जे आवडलं नाही ते. रविवारी लॅब पूर्ण बंद, फोन पण नाही, आणि पक्षी काही वार बघून मरत नाहीत. निदान नमुना घेऊन फ्रिजला ठेवायला एक माणूस पाहिजे. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत येतो, मॅडम फोनवर समजावतात पण त्या व्हिजिटला असल्या की संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं, खाली मराठीत चार ओळी लिहिल्या तर किती बरं होईल, आमच्यासारख्या बायका शेड बघतात, त्यांना वाचता आलं पाहिजे. पुढे पाठवलेल्या टेस्टला आठ-दहा दिवस लागतात, तोवर बॅच पुढे निघून जाते. आणि बाहेर बसायला सावली नाही. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी पुण्याला औंधला सरकारी रोग अन्वेषण विभाग आहे तिकडे चौकशी करा, आम्हाला अंतर परवडत नाही म्हणून आम्ही इथे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रात्री मेलेला फुगलेला पक्षी नेऊ नका, त्यातून काही कळत नाही, आजारी पण जिवंत असे तीन-चार न्या, औषध सुरू करायच्या आधी न्या. मेलेला न्यायचा असेल तर ताजा, बर्फात, फ्रीझरमध्ये गोठवून नाही. आणि वही न्या. वही नसेल तर आजपासून लिहा, रोजची मर आणि रोजच्या गोणी, बास, एवढंच. त्या दिवशी माझ्याकडे वही नसती तर विसावा दिवस कोणाला सापडला नसता.

पाचपैकी चार स्टार, एक रविवारचा कापला.

आता चालू बॅच एकवीस दिवसांची आहे. सोमवारी दोन चांगले पक्षी घेऊन जाणार आहे, आजारी नाहीत, फक्त बर्सा बघायला. आबा म्हणाले मी पण येतो, मला पण ती बरणी बघायचीये.